चूक लगेच सांगायची की प्रश्न विचारत बसायचं?

घोडबंदर_ताई: आठवीची ऑनलाइन बॅच घेते, ठाण्यात घरूनच. परवा एकजण म्हणाला मे महिन्यात सूर्य जवळ येतो म्हणून उकडतं. आधी मी "चूक, पृथ्वीचा अक्ष २३.५ अंश कललाय" सांगून पुढे जायचे, पोरं लिहून घ्यायची आणि परीक्षा झाली की सूर्य परत जवळ 😅 यावेळी विचारलं, मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट कधी असते? २६ डिसेंबर. लोक स्वेटर घालून बसतात? नाही ताई, टोप्या नि गॉगल. मग सूर्य त्यांच्या जवळ नि त्याच दिवशी आपल्यापासून लांब कसा? मिनिटभर नुसता त्याच्या घरच्या पंख्याचा आवाज. मग हळूच, "म्हणजे अंतराचा संबंधच नाही?" तेव्हा सांगितलं की पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, साधारण १४.७ कोटी किमी, जुलैत १५.२ कोटी. तर माझं मत, चूक अशीच काढावी.

नेरूळचा_मास्तर: एक पोरगा असेल तर ठीक हो. माझ्याकडे साठ, कॅमेरे बंद. चॅटमध्ये एक हुशार उत्तर टाकतो, बाकी एकोणसाठ तेच चिकटवतात. प्लेटोच्या 'मेनो' संवादात सॉक्रेटिस नुसते प्रश्न विचारत भूमिती शिकवतो, पण त्याच्यासमोर तरी एकच गुलाम पोरगा होता, तोही बराचसा "हो, बरोबर"च म्हणतो.

घोडबंदर_ताई: झूमवर चॅट फक्त होस्टला जाईल असं ठेवा ना.

कोपरखैरणेची_आई: मास्तरांशी सहमत. माझी लेक ०.४५ मोठं म्हणाली ०.५ पेक्षा, का तर ४५ मोठे. मिसनी चार प्रश्न विचारले, प्रत्येकाला हिचा आवाज बारीक होत गेला, शेवटी नुसतं "हो मिस". क्लास संपल्यावर मला विचारते, मी चुकले कुठे? पन्नास पैसे नि पंचेचाळीस पैसे सांगून बघितलं, पण पैसे बघितलेत कुठे हिने! पट्टीवर अर्धा सेंटीमीटर दाखवला तेव्हा कळलं.

घोडबंदर_ताई: उत्तर आपल्या आवाजातच ऐकू आलं की पोरं अंदाजच बांधतात, मान्य. विचारून थांबावं लागतं, मलाही दरवेळी जमत नाही.

नेरूळचा_मास्तर: थांबायला वेळ कुठाय, चाळीस मिनिटांत पाच तर "सर आवाज येत नाहीये". आणि मेलबर्नने अंतर खोडलं, पण अक्ष कुठल्या प्रश्नातून येणार? तो सांगावाच लागतो.

घोडबंदर_ताई: सांगितला की, मोसंबं नि टॉर्च घेऊन. पण रात्री त्याचा मेसेज आला, ताई जुलैअखेर सूर्य परत ठाण्याच्या डोक्यावर येतो ना, मग तेव्हा मेसारखं का नाही तापत?

नेरूळचा_मास्तर: उत्तर दिलंत की परत प्रश्न? 😄

घोडबंदर_ताई: विचारलं, जुलैत तुमच्या गॅलरीतून येऊरचा डोंगर दिसतो का.