शुगर-फ्री म्हणजे तुमच्या घरी काय समजतात? अनुभव लिहा

आपल्याकडे 'त्यांना शुगर आहे' म्हणजे डायबेटिस, त्यामुळे पाकिटावर शुगर-फ्री दिसलं की मोठी माणसं सरळ 'शुगरवाल्यांना चालतं' असंच धरून चालतात आणि मला याची खरंच काळजी वाटते. दिवाळीत बाबांना भेटायला येणारे शुगर-फ्री मिठाई आणतात, प्रेमानेच आणतात, मग बाबा एकाऐवजी चार तुकडे खातात. आपल्याकडच्या नियमाने 100 ग्रॅममध्ये साखर 0.5 ग्रॅमच्या वर नसली की शुगर-फ्री लिहिता येतं, बस्स. मैदा किती, तूप किती, कॅलरी किती, त्याचा त्या शब्दाशी काही संबंध नाही. तुमच्याकडे काय होतं?

*

आमच्या इथल्या दुकानात खजूर-अंजीर रोल शुगर-फ्री म्हणून ठेवलेत. दुकानदार काका म्हणाले, "ताई, साखरेचा दाणा नाही यात." वरून घातलेली नाही हे खरंय हो, पण खजुरात स्वतःचीच साखर 100 ग्रॅमला 60 ग्रॅमच्या वर असते! फारतर नो अ‍ॅडेड शुगर म्हणा. सासूबाईंनी जेवणानंतर दोन रोल खाल्ले आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर 240 च्या पुढे आकडा.

*

शुगर-फ्री चॉकलेटचं पाकीट उलटं करून बघा, बऱ्याचदा माल्टिटॉल असतं, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो पदार्थ. साखरेच्या मानाने कॅलरी निम्म्याच्या आसपास, रक्तातली शुगर कमी वाढवतं पण वाढवतं. आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं, मामांना रात्रभर त्रास झाला, तशी सूचना पाकिटावर होती पण इतकी बारीक की त्यांना चष्मा लावूनही वाचता येईना.

*

न्यू जर्सीत राहते. इथे हिशोब सर्व्हिंगवर, म्हणजे पाकिटावर लिहिलेल्या एका वेळच्या खाण्याच्या मापावर, एका सर्व्हिंगला 0.5 ग्रॅमपेक्षा कमी साखर असली की शुगर-फ्री, आणि सर्व्हिंग म्हणजे कधीकधी दोनच बिस्किटं. आई आली की मी तिला पुढचं मोठं अक्षर सोडून मागचं टोटल कार्बोहायड्रेट (साखर, पीठ वगैरे सगळं मिळून) वाचायला लावते, आता ती दुकानात मलाच वाचून दाखवते.

*

आम्ही आजोबांसाठी असली मिठाई आणणंच बंद केलं. डॉक्टरांना विचारून ठरवलंय, गणपतीत एक उकडीचा मोदक, गुळाचाच, आणि त्या जेवणात भात नाही. आजोबा सावकाश खातात, वर तूप मात्र मागतातच.