विझार्डला दोन कॉन्सन्ट्रेशनचं फीट द्यावं का?

शाहूपुरीचा डीएम
दर रविवारी माझ्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) चालतं, फिफ्थ एडिशन, २०१४ चे नियम. गोष्ट चालवणारा, म्हणजे डीएम, मी. विझार्डवाल्या (जादूगार खेळणाऱ्या) मित्रानं चौथ्या लेव्हलला स्वतः लिहिलेलं फीट, म्हणजे पात्राची खास क्षमता, घेतलं: एका वेळी दोन स्पेलवर कॉन्सन्ट्रेशन. म्हणजे मंत्र चालू ठेवायला लागणारं लक्ष, जे एरवी एकाच मंत्रावर धरता येतं. मी हौसेनं हो म्हटलं. आता ते काढायचं म्हणतोय तर तो रुसलाय.

परवा पाचव्या लेव्हलला सहा ऑग्र (आडदांड राक्षस) समोर ठेवले. पहिल्या फेरीत त्यानं फायटरवर (लढवय्यावर) हेस्ट हा वेग वाढवणारा मंत्र टाकला, दुसऱ्या फेरीत भुरळ घालणारा हिप्नॉटिक पॅटर्न. चार ऑग्र जागच्या जागी थिजले, उरलेले दोन फायटरनं कापले. रोगवालीनं (रोग, Rogue, म्हणजे चोरटं पात्र) हातात घेतलेला डी२०, वीस बाजूंचा फासा, परत पिशवीत टाकला आणि दोरी ओढली. ते बघून मला लई वाईट वाटलं. तिची पाळी आली होती, पण करायला काही उरलंच नव्हतं.

राजारामपुरीची विझार्ड
दादा, हिशेब पुरता मांडा की. पाचव्या लेव्हलला विझार्डकडे थर्ड लेव्हलचे स्लॉट, म्हणजे तेवढे मोठे मंत्र टाकायच्या संधी, दोनच. ते दोन्ही त्यानं एका लढाईत संपवले. शिवाय फीटसाठी बुद्धीचे २ गुण सोडले. तुम्ही दिवसाला एकच लढाई ठेवत असाल तर दोष फीटचा नाही. पहिल्या तीन लेव्हल एका फटक्यात आडवा होणारा गडी आत्ता कुठं चमकतोय, आणि लगेच त्याचं फीट काढून घेणार?

फायटरवाला, मंगळवार पेठ
दोन संपले तरी आर्केन रिकव्हरी या विझार्डच्या सोयीनं शॉर्ट रेस्टला (लढायांमधल्या छोट्या विश्रांतीला) एक परत मिळतोच, ताई.

तालमीत जोड बघून कुस्ती लावतात. नव्या फीटची जोड आधी छापील फीटशी लावून बघा. वॉर कास्टर हे छापील फीट घ्या. मार बसला की कॉन्सन्ट्रेशन टिकवायला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (चिवटपणाचा फासा), डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा नुकसानाच्या निम्मा, जो मोठा तो. ऑग्रच्या सोट्याचं सरासरी नुकसान १३, म्हणजे डीसी १०च. फाशात +२ मिळवणारा विझार्ड ६५ टक्के वेळा टिकतो, वॉर कास्टर असेल तर दोन फाशांतला चांगला घ्यायचा, मग जवळपास ८८. म्हणजे एवढं नावाजलेलं फीटसुद्धा हातातला एक स्पेल घट्ट धरायलाच मदत करतं, दुसरा देत नाही. कॉन्सन्ट्रेशन हाच विझार्डचा लगाम आहे मर्दा. तो सोडायची किंमत एका फीटमध्ये बसत नाही.

राजारामपुरीची विझार्ड
जोडीचं पटलं. पण म्हणून अख्खं फीट फेकायचं हे पटत नाही. दुसरा स्पेल फर्स्ट लेव्हलचाच ठेवा: फॉग क्लाउड (धुक्याचा ढग), एक्सपेडिशस रिट्रीट (झटपट पळ) असले. दोन्ही चालू असताना सेव्हला डिसअॅडव्हान्टेज (दोन फाशांतला वाईट घ्यायचा), आणि सेव्ह फसला की दोन्ही जाणार. मग ६५ चे ४२ होतात. हेस्ट तुटलं की फायटरची एक पाळी वाया जाते, म्हणजे धोका अख्ख्या पार्टीला. असं फीट मी स्वतः घेईन.

फायटरवाला, मंगळवार पेठ
माझ्या पाळीवर तुझा जुगार? तसं असेल तर हेस्ट टाकायच्या आधी मला विचारायचं. एवढं कबूल असेल तर माझी हरकत नाही.

शाहूपुरीचा डीएम
मित्राला फोन केला. फर्स्ट लेव्हलची अट त्याला जड जातेय, पण दोन रविवार खेळून बघायला तयार झालाय. मीही शॉर्ट रेस्टच्या आधी दोन लढाया ठेवतो. रोगवालीला वेगळं विचारणार आहे, तिचं अजून कुणी ऐकलेलंच नाही.