मॅनेजरचा पगार परत खाली आणावा का?
ओव्हरटाइम (आठवड्याला 40 तासांवरच्या कामाचे दीडपट पैसे) न देता मॅनेजर ठेवायचा तर किमान किती पगार द्यायचा, तो आकडा वाढवणारा अमेरिकेतला 2024 चा नियम रद्द झाला, मग दुकानातल्या मॅनेजरचा वाढवलेला पगार उतरवता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण पुढच्या कामापुरताच. झालेल्या कामाचे पैसे कापायच्या फंदात पडू नका.

टेक्सासच्या फेडरल कोर्टाने 15 नोव्हेंबर 2024 ला तो नियम देशभर रद्द केला, त्यात जुलैपासून लागू झालेला आठवड्याला 844 डॉलरचा टप्पाही गेला. ही किमान पगाराची मर्यादा पुन्हा आठवड्याला 684 डॉलर. (चार महिन्यांत आकडा चढला नि उतरला, अकाउंटंटांची चांदी!) कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे आकडे वेगळे आणि बरेच वर आहेत, ते पाळावेच लागतात.

पण खरी गोम पगारात नाही, मॅनेजर काम काय करतो त्यात आहे. तुमचा ‘मॅनेजर’ दिवसभर गल्ला सांभाळत नि खोकी उतरवत असेल, तर नुसत्या हुद्द्याने ओव्हरटाइम चुकत नाही. त्यापेक्षा त्याला सरळ ताशी पगारावर घ्या. सध्या आठवड्याच्या 50 तासांचे 880 डॉलर देत असाल, तर ताशी 16 धरा: 40 तासांचे 640, वरच्या 10 तासांचे दीडपटीने 240. खर्च तोच. मात्र तास वाढले की पैसे वाढणार, म्हणून हजेरी रोज लिहा आणि राज्याचं किमान वेतन आधी तपासा.