मदत हवी आहे: सांगली-सातारा क्लस्टर, लिंक हलली की दोन्हीकडचे सर्व्हर रीबूट होतात

कृष्णाकाठ_सिस्टिम:
मेन डेटा सेंटर सांगलीत, डीआर (आपत्तीत वापरायचं पर्यायी सेंटर) साताऱ्यात. व्हीएम (आभासी मशीन) चालवायला दोन्ही मिळून प्रॉक्समॉक्सचा एकच क्लस्टर. काल रात्री सगळे नोड (क्लस्टरमधले सर्व्हर) परत आपोआप रीबूट झाले आणि व्हीएम वर आल्याच नाहीत. सकाळी बिलिंग उघडेना. साताऱ्याची लिंक गेली तर साताऱ्याचं पडू दे, सांगलीचं का पडतंय? त्यात लाइन देणारा म्हणतो लिंक रात्रभर अप होती, ग्राफ पाठवलाय त्यानं.
लॉगमध्ये हे येतं: 'टोकन हॅज नॉट बीन रिसीव्ह्ड इन ३२२५ एमएस'. थोड्या वेळानं 'क्वोरम लॉस्ट', म्हणजे नोडच्या मतांचं बहुमत गेलं.
नोडना एकमेकांशी जोडून ठेवणाऱ्या कोरोसिंकचा टाइमआउट किती वाढवू तेवढं सांगा. हार्डवेअर तपासून झालंय. क्लाउडवर जा असं कुणी सांगू नका. अर्जंट आहे.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
नोड किती, कुठं किती? एचए (नोड पडला की व्हीएम आपोआप दुसऱ्या नोडवर उठवणं) लावलंय का? दोन्हीकडे पिंग किती येतो? कोरोसिंकला वेगळी लाइन आहे की सगळं एकाच पाइपमधून? स्टोरेज कसलं? हे कळल्याशिवाय टाइमआउटचा आकडा देण्यात अर्थ नाही.

मिरज_जंक्शन:
नोडचं उत्तर त्यांच्या लॉगमध्येच आहे. कोरोसिंकचा टोकन टाइमआउट (नोडमध्ये फिरणाऱ्या संदेशाची वाट बघायची मुदत) मुळात ३००० मिलिसेकंद, आणि दोनच्या पुढच्या प्रत्येक नोडला ६५० वाढतात. चार नोडला ४३००. त्याच्या ७५ टक्के झाले की इशारा लिहिला जातो, ते बरोबर ३२२५. म्हणजे चार नोड, आणि टाइमआउटला अजून कुणी हात लावलेला नाही. दोन सांगलीत, दोन साताऱ्यात असणार.

वारणा_रूट:
हे सगळं करण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही घ्या. हायपर-व्ही रेप्लिका विंडोज सर्व्हरमध्येच येतं, ३० सेकंद, ५ मिनिटं किंवा १५ मिनिटं असा अंतराल निवडता येतो, आणि दोन्ही साइट एका क्लस्टरमध्ये असाव्या लागत नाहीत. क्वोरमची भानगडच नाही.

कृष्णाकाठ_सिस्टिम:
चार नोड, दोन-दोन, बरोबर. पिंग १८ मिलिसेकंद, रात्री कधीकधी ६०-७०. १०० एमबीपीएसची एकच लाइन, तिच्यावर व्हीपीएन, सगळं त्यातूनच. डिस्कची फाइलसिस्टिम झेडएफएस, रेप्लिकेशन (साताऱ्याकडे कॉपी) दर १५ मिनिटांनी, जसं मुळात येतं तसंच. एचए सगळ्या व्हीएमना. हायपर-व्हीवर जायला आत्ता वेळ नाही. टाइमआउट सांगा.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
मग टाइमआउटचा प्रश्नच नाही. दोन वेगळी दुखणी आहेत, ती वेगळी करून बघा.
सांगली का पडते ते आधी. चार मतं, क्वोरमला तीन लागतात. दोन साइटचं बोलणं तुटलं की इकडं दोन, तिकडं दोन. तीन कुणाकडेच नाहीत. क्वोरम गेला की एचए असलेला नोड आपलं लॉक (मी चालू आहे ही नोंद) ताजं करू शकत नाही, आणि ६० सेकंदांत वॉचडॉग (राखणदार टायमर) त्याला रीसेट करतो. ती मशीन मेली नाही हे दुसऱ्या बाजूला कळायला मार्ग नसतो, म्हणून ती स्वतःच बंद होते, नाहीतर तीच व्हीएम दोन ठिकाणी चालू होईल. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना एचए, म्हणून चारही रीसेट. उठल्यावरही क्वोरम नाही, म्हणून व्हीएम सुरू होत नाहीत. प्रॉक्समॉक्स जसं वागायला हवं तसंच वागतंय, मांडणी चुकीची आहे, दोन्ही साइटचे क्लस्टर वेगळे हवेत.
टोकन १०,००० केलंत तरी वॉचडॉगचे ६० सेकंद तसेच राहतात. प्रॉक्समॉक्सच्या कागदपत्रांत ५ मिलिसेकंदांच्या आत लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ) हवी म्हटलंय, आणि तीनपेक्षा जास्त नोड असतील तर १० च्या वर टिकणं अवघड. तुम्ही १८ वर आहात. प्रकाश फायबरमधून एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. सांगली-सातारा रस्त्यानं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन दीड-दोन मिलिसेकंद पुरायला हवेत. म्हणजे तुमचं पॅकेट पुणे-मुंबई करून येतंय. पॉइंट-टू-पॉइंट लाइन घेतलीत तर हा आकडा उतरेल, पण रात्रीचे ६०-७० त्यानं जाणार नाहीत.

मिरज_जंक्शन:
रात्रीच्या ६०-७० चं कारण मला रेप्लिकेशन वाटतंय. इशाऱ्यांच्या वेळा बघा. तास, सव्वा, साडे, पावणे या ठोक्यांना येतात का?

कृष्णाकाठ_सिस्टिम:
बघितलं. १०:१५, १०:३०, १०:४५, त्याच्या मागे-पुढे पाच-दहा सेकंद. आणि रात्री साडेबारानंतर सलग. आता?

मिरज_जंक्शन:
साडेबाराला डेटाबेसचा डंप (बॅकअपची फाइल) त्याच व्हीएमच्या डिस्कवर पडत असणार. डंप म्हणजे झेडएफएसच्या दृष्टीनं नवे ब्लॉक, तेवढे सगळे पुढच्या रेप्लिकेशनला साताऱ्याकडे निघतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम १२ मेगाबाइट. डंप ४० जीबीचा असेल तर पाऊण-एक तास पाइप तुडुंब. कोरोसिंकची छोटी यूडीपी पॅकेट त्याच रांगेत अडकतात, वेळेवर पोचत नाहीत. लाइनवाला खरंच सांगतोय, लिंक अपच होती.
आज संध्याकाळपर्यंत करायचं ते हे. रेप्लिकेशनच्या प्रत्येक जॉबला रेट लिमिट टाका. ते मेगाबाइटमध्ये असतं, मेगाबिटमध्ये नाही, इथं लोक हमखास फसतात. १०० टाकलं तर लिमिट नसल्यासारखंच. आणि लिमिट जॉबगणिक लागतं. एका वेळी दोन जॉब चालत असतील तर प्रत्येकी ३ ठेवा. डंपची डिस्क वेगळी करून तिला रेप्लिकेशनमधून वगळा. राउटरवर यूडीपी ५४०५ ते ५४१२ ला सगळ्यात वरची प्रायॉरिटी.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
त्याआधी एचए काढा. 'एचए-मॅनेजर रिमूव्ह' प्रत्येक व्हीएमला, मग 'एचए-मॅनेजर स्टेटस'मध्ये चारही नोडचं एलआरएम (नोडवर एचए सांभाळणारा भाग) आयडल दिसेपर्यंत थांबा. रिमूव्ह केल्या केल्या आयडल होत नाही, काही मिनिटं जातात, तेवढ्यात लिंक हलवून बघू नका. एकदा आयडल झालं की क्वोरम गेला तरी नोड रीबूट होणार नाही. चालू व्हीएम चालू राहतील, फक्त कॉन्फिगरेशन बदलता येणार नाही.

पंचगंगा_०१:
एवढं कशाला? क्वोरम गेला की सांगलीत 'पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १' मारायचं, मग एका मतालाही क्वोरम धरतो, व्हीएम सुरू.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
पंचगंगा, कृपया असं अर्धवट सांगू नका. समोरची बाजू वीज काढून बंद आहे याची खात्री असेल तेव्हाच ती कमांड. साताऱ्यातल्या माणसानंही घाईत तीच मारली तर रेप्लिकेट झालेल्या डिस्कवरून तीच व्हीएम दोन्हीकडे उठते, दोन्हीकडे बिलं फाटतात आणि नंतर तो डेटा एकत्र करता येत नाही.

कराड_प्रीतिसंगम:
क्लस्टर मोडायची गरज नाही. तिसऱ्या जागी, समजा कराडला, एका छोट्या डेबियन मशीनवर कोरोसिंक-क्यूनेटडी (बाहेरून एक जादा मत देणारा प्रोग्रॅम) टाका, चारही नोडवर त्याच्याशी बोलणारं कोरोसिंक-क्यूडिव्हाइस, मग 'पीव्हीईसीएम क्यूडिव्हाइस सेटअप'. टीसीपी ५४०३ उघडा. क्यूडिव्हाइसला ५ मिलिसेकंदांची अट नाही. मतं पाच होतात. लिंक तुटली की एका बाजूला तीन. दोन्ही बाजू कराडला पोचत असतील तर सर्वात लहान नोड आयडी असलेली बाजू जिंकते, म्हणून नोड १ सांगलीत आहे ना तेवढं बघा.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
दोन्ही बाजू एकदम पडणं त्यानं थांबेल, हे मान्य. पण नोडमधली लेटन्सी तीच राहते, आणि एचए ठेवलंत तर सातारा दरवेळी रीसेट होणारच. शिवाय कराडची लाइन आणि साताऱ्याची लाइन एकाच चरातून जाते का ते विचारा. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या खोदाईत एका बकेटसरशी दोन्ही गेल्या तर क्यूडिव्हाइस असून नसल्यासारखं.

कराड_प्रीतिसंगम:
ते सगळ्याच मांडणीला लागू आहे. मग दोन साइट घेऊन ऑटोमॅटिक फेलओव्हर नसेल तर डीआर कशाला म्हणायचं?

मिरज_जंक्शन:
कारण सांगलीतला मुख्य धोका पूर आहे, आणि तो सांगून येतो. आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला ५७ फुटांवर गेलं, पण एका रात्रीत नाही गेलं. कोयनेचा विसर्ग वाढला की आकडे आधी कळतात. चाळीस फुटांना कुणीतरी जबाबदार माणसानं हो म्हणायचं आणि व्हीएम शिस्तीत बंद करून शेवटची कॉपी पाठवून साताऱ्यात चालू करायच्या. एकही बिल हरवत नाही. आपोआप फेलओव्हर झाला तर शेवटच्या रेप्लिकेशननंतरचं सगळं जातं, पंधरा मिनिटांचं किंवा पाइप तुंबला असेल तर तासाचं. एका नोडचा पॉवर सप्लाय जळतो तेव्हा एचए हवं, पण ते सांगलीच्या सांगलीत.

वारणा_रूट:
ज्यांना ऑटोमॅटिक हवंच त्यांनी व्हीएमवेअरचा स्ट्रेच्ड (दोन साइटवर पसरलेला) क्लस्टर बघावा.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
व्हीसॅनच्या (व्हीएमवेअरच्या स्टोरेजच्या) स्ट्रेच्ड क्लस्टरलाही दोन डेटा साइटमध्ये ५ मिलिसेकंदच लागतात. २०० ची सूट आहे ती विटनेसला, म्हणजे तिसऱ्या जागच्या मतदार मशीनला. ब्रॉडकॉमनं २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यानंतर कायमचं लायसन्सही मिळत नाही, वर्गणीच भरायची.

जरंडेश्वर:
सगळे पुराचं बोलताय. सातारा जिल्हा कोयनेच्या भूकंपाचा, ११ डिसेंबर १९६७. डीआर तिथं ठेवायचं का याचा विचार केलाय का? आणि दोन्ही गावं कृष्णेच्याच खोऱ्यात.

मिरज_जंक्शन:
तिसरी कॉपी खोऱ्याबाहेर ठेवावी, एवढा मुद्दा घेण्यासारखा आहे. त्यासाठी साताऱ्याची जागा बदलायला नको.

येरळाकाठ:
झेडएफएसचा एआरसी (रॅममधला कॅशे) किती घेतोय? प्रॉक्समॉक्स ८.१ च्या आधीच्या इन्स्टॉलवर तो अर्धी रॅम घेतो. १२८ जीबीत ६४ त्यालाच. ८.१ पासून नव्या इन्स्टॉलला दहा टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी. आधी ते कमी करा.

कृष्णाकाठ_सिस्टिम:
रॅमचा त्रास नाहीये. एचए काढलं, एलआरएम आयडल झालं, रेट ३ टाकला. संध्याकाळपासून इशारा एकही नाही. क्लस्टर दोन करायचे ठरलं तर चालू कामात कसे करू? साताऱ्यात आत्ता एकही व्हीएम चालू नाही, नुसत्या कॉपी आहेत.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
मग सोपं आहे, पण क्रम चुकवू नका. सगळ्या व्हीएमचा बॅकअप सांगलीतल्या वेगळ्या डिस्कवर, आणि त्यातली एक रिस्टोअर करून बघा. मग रेप्लिकेशनचे जॉब काढा, नोड काढल्यावर ते लोंबकळत राहतात. साताऱ्याचा एक नोड बंद करा आणि सांगलीतून 'पीव्हीईसीएम डेलनोड'. आता तीन मतांत दोनचा क्वोरम. मग दुसरा बंद, दुसरा डेलनोड. काढलेला नोड जुन्या कॉन्फिगरेशनसह परत त्याच नेटवर्कवर चालू करायचा नाही, पुसून नव्यानं इन्स्टॉल करायचा. सांगलीत आता दोनच नोड, एक पडला तरी क्वोरम जातो, म्हणून क्यूडिव्हाइस लगेच लावा. साताऱ्यालाही तसंच. कराडकरांनी सांगितलेलं मशीन इथं कामाला येतं. एक क्यूनेटडी दोन्ही क्लस्टरला चालतो, फक्त क्लस्टरची नावं वेगळी हवीत. त्यानंतर सांगलीपुरतं एचए परत लावायला हरकत नाही, पण दोन्ही नोडमध्ये रेप्लिकेशन असेल तरच, नाहीतर दुसऱ्या नोडवर उठायला डिस्कच नसते.

मिरज_जंक्शन:
दोन्हीकडे प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर ठेवा, आणि सिंक साताऱ्याकडून ओढून घ्या, सांगलीतून ढकलू नका. सांगलीत रॅन्समवेअर घुसलं तर त्याच्या हातात साताऱ्याची किल्ली नको. 'रिमूव्ह व्हॅनिश्ड' (तिकडं पुसलेलं इकडंही पुसणं) बंद ठेवा. पहिली कॉपी लाइनवरून नको, ६ टीबी असेल तर १०० एमबीपीएसला सलग पावणेसहा दिवस. साताऱ्याचं मशीन सांगलीत आणून सिंक करा आणि गाडीत घालून परत न्या. नंतर फक्त बदललेले तुकडे जातात. बिलिंगच्या व्हीएमला तासाभराचाही डेटा जाऊन चालत नसेल तर तेवढ्या एकीला पीव्हीई-झेडसिंक (झेडएफएसची कॉपी पाठवणारं साधन), त्याला एक क्लस्टर लागत नाही.
व्हीएमचे आयडी सांगलीला १००० पासून, साताऱ्याला २००० पासून द्या, नाहीतर एकाच डेटास्टोअरमध्ये दोन वेगळ्या १०१ चे बॅकअप एका खात्यात पडतील. दोन्ही क्लस्टर एका स्क्रीनवर हवे असतील तर प्रॉक्समॉक्स डेटासेंटर मॅनेजर आहे, त्यातून एका क्लस्टरची व्हीएम दुसरीकडे हलवताही येते. त्याला क्वोरमशी देणंघेणं नाही.

कृष्णाकाठ_सिस्टिम:
साताऱ्यात उठवल्यावर आयपी तोच ठेवू का? लेयर २ (सांगलीचं लोकल नेटवर्क तसंच) साताऱ्यापर्यंत ओढून नेलाय सध्या.

अजिंक्यतारा_नेटवर्क:
नको. सबनेट वेगळा ठेवा, क्लायंटला आयपी न देता नाव द्या, डीएनएसचा टीटीएल (नावाचा जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत) ३०० सेकंद. लेयर २ ओढला असेल तर सांगलीतला ब्रॉडकास्टचा गोंधळ साताऱ्यातही पोचतो, आणि गेटवे सांगलीत असेल तर सांगली बंद पडल्यावर साताऱ्यातल्या व्हीएमना बाहेर पडायला वाट नाही. मे महिन्यात, पाण्याच्या आधी, एका रविवारी बिलिंग साताऱ्यातून चालवून बघा. प्रिंटर आणि जीएसटीचं ई-इनव्हॉइस त्यात धरा. नुसती व्हीएम उठली म्हणून बिल निघतंच असं नाही.