भिंतीवरची कार्डं आणि डिजिटल बोर्ड एकत्र कसे चालवायचे?

धरमपेठ_स्टुडिओ
नागपूरच्या ऑफिसात आम्ही ५ जण, पुण्यात ३. कामं २.४ मीटर रुंद लोखंडी बोर्डावर चुंबकाच्या कार्डांनी चालतात. ४ रकाने, ४० च्या आसपास कार्डं. इथे कार्ड सरकवलं की पुण्याच्या स्क्रीनवरही सरकायला हवं. एनएफसी स्टिकर (जवळ आणलं की रीडर वाचतो तो चिपवाला टॅग) लावून जमेल का?

वैदर्भीय_मेकर
लोखंडावर साधं स्टिकर चालत नाही भाऊ. १३.५६ मेगाहर्ट्झचं क्षेत्र पत्र्यातच जिरतं, टॅगला वीज पुरत नाही. मागे फेराइटचा (क्षेत्र पत्र्यापर्यंत जाऊ न देणारा) थर असलेले टॅग मिळतात, पण रीडरची पोच जेमतेम ३-४ सेंमी. एवढ्या बोर्डाला रीडर किती लावणार? त्यापेक्षा वेबकॅम आणि अरूको मार्कर (कॅमेऱ्याला ओळखता येणारे काळे-पांढरे चौकोनी ठसे, कार्डाला एक) घ्या. ते ओळखायची सोय ओपनसीव्ही या चित्रं वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट आहे.

आधी हिशोब करा. १९२० पिक्सेलमध्ये २४०० मिमी, म्हणजे मिमीला ०.८ पिक्सेल. ४० मिमीचा मार्कर ३२ पिक्सेलचा. ४×४ मार्करला काळ्या कडेसकट एका ओळीत ६ घरं, घराला ५ पिक्सेल. पुरतात. ३० मिमीवर ४ च उरतात, मग दिवेलागणीला मार्कर ओळखायचे सुटायला लागतात. ५० वेगवेगळ्या मार्करच्या संचातले ४ मार्कर बोर्डाच्या कोपऱ्यांत कायमचे चिकटवा, तिरपी चौकट त्यांच्यावरून सरळ होते. ऑटोफोकस बंदच ठेवा.

सनबोर्ड_३मिमी
छपाई मॅटच. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा पट्टा पडला की मार्कर गेलाच. भोवती ५ मिमी पांढरी कड सोडा; कात्री काळ्या कडेला भिडली की ओळख संपली. आणि कूलर! मे महिन्यात त्याच्या दमट हवेने कागदाचे कोपरे वळतात, चौकोन वाकडा दिसतो. ३ मिमी सनबोर्डावर (फोमच्या हलक्या कडक शीटवर) चिकटवा, मागे २ चुंबकं.

धरमपेठ_स्टुडिओ
आणि पुण्याहून कार्ड सरकवलं तर?

वैदर्भीय_मेकर
खरी अडचण हीच आहे, कॅमेऱ्याचं काम त्यामानाने सोपं. दोन्हीकडून बदल मान्य केले तर पुण्याने सरकवलेलं कार्ड पुढच्याच फोटोत परत जुन्या जागी जातं. म्हणून भिंत प्रमाण माना. पुण्याचा बदल ‘विनंती’ म्हणून नोंदवा, स्क्रीनवर पिवळा दाखवा. इथे कुणी हाताने कार्ड हलवलं की तो पक्का.

दर ५ सेकंदांनी फोटो घ्या, सलग ३ फोटोंत कार्ड नव्या रकान्यात दिसलं तरच बदल नोंदवा. दिसेनासं झालेलं कार्ड कधीच पुसू नका, बहुतेक वेळा समोर कुणीतरी उभं असतं.