नाटकात पीएचडी: सोलापुरातून तयारी कशी करू?

प्रश्न: मी अशोक चौकात राहते. नाट्यशास्त्रात एम. ए. झालंय, हुतात्मा स्मृती मंदिरात स्पर्धेच्या नाटकांची प्रकाशयोजना करते. पुढं कॉलेजात नाटकच शिकवायचंय. विषय ठरलाय: गिरणी कामगारांची नाटकं. घरचे म्हणतायत, बी. एड. कर. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, आधी नेट द्या, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. विषय क्रमांक ६५, त्यात नृत्य आणि नाट्य एकत्र आहे, त्यामुळे नृत्याचाही अभ्यास लागतो. २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएचडीला प्रवेश मिळतो. गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. एम. ए.ला ५५ टक्के आहेत ना?

उत्तर: विषय सोन्यासारखा आहे गं, पण पसरट. १८७७ ची आपली जुनी मिल घे, तिथल्या कामगारांपुरतंच बघ. म्हातारे कलाकार आहेत तोवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड कर, तेलुगू बोलणाऱ्यांचंही. कुणाच्या ट्रंकेत संहिता सापडली तर पेन्सिलीनं खोडलेल्या ओळी, मागं लिहिलेला खर्च, नाटकाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का, सगळ्याचे फोटो काढ. छापील पुस्तकात हे मिळत नाही.

उत्तर: मार्गदर्शक आत्तापासून शोधा. पुण्याचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, दोन्हीकडं विचारा. जाताना विषयाचं दोन पानी टिपण न्या. आणि लाइट्सचं काम सोडू नका, शिकवताना तेच कामी येतं.