एआयमुळे आपल्याकडच्या नोकऱ्या खरंच जाणार का?

सातपूरकर: भाऊ अंबड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे, दिवसभर टॅलीत एन्ट्र्या, आणि आता घरात रोज एकच विषय, एआय आलं मग आपलं काय, पोराला बीकॉमला घालू का आयटीआयला?

गोदाकाठ: भीती खोटी नाही दादा. न्यूरल नेटवर्क, म्हणजे आजच्या एआयचा पाया, घडवणाऱ्यांपैकी एक जेफ्री हिंटन, ज्यांना 2024 चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यांनीच 2023 ला धोक्याबद्दल मोकळं बोलता यावं म्हणून गूगल सोडलं. नुसत्या एन्ट्रीचं काम आधी जाईल, म्हणून भावाला जीएसटी रिटर्न, ऑडिट शिकायला लावा, आत्ताच.

द्राक्षवाला: पिंपळगावला बागेची छाटणी अजून माणूसच करतो, उलट मजूर मिळेना. आयटीआय इलेक्ट्रिशियन करा बिनधास्त.

सातपूरकर: पोराला वायरिंगची आवड आहेच, विचारतो आज.